आढ्याखालचा वारा

कोकणातल्या जुन्या घराचं कौतुक बहुतेक वेळा ओटीवरच उरकतं. झोपाळ्याच्या कड्या, खांबांवरची नक्षी, सारवलेलं खळं, जांभ्याचे चिरे यांवर पाहुणे भरभरून बोलतात. माजघरात पाऊल पडलं की ‘काय गारवा आहे!’ म्हणतात आणि त्याचं श्रेय जाड भिंतींना देऊन मोकळे होतात. भिंतींचा वाटा आहेच. पण मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरकं आणि थोडाच वेळ पडतं, छपरावर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोसळत राहतं. त्या उन्हाशी झुंजतो तो माळा. शिडी लावून, वाकून, कोळिष्टकं बाजूला सारून तो पाहायला जाणारा रसिक विरळा. जुन्या घरातली सगळ्यांत बुद्धिमान जागा कोणती असं कुणी विचारलं, तर मी आढ्याखालच्या त्या अंधाऱ्या त्रिकोणाकडे बोट दाखवीन.

राजापूर तालुक्यातल्या एका घराचा माळा अलीकडे इतक्या समजुतीनं दुरुस्त झाला आहे की त्याचं रसग्रहण करावंसं वाटतं. घर दुपाखी, जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. मधल्या खोल्यांवर सागवानी तक्तपोशी, तिच्यावर माळा, आणि दोन्ही टोकांना आढ्यापर्यंत चढत गेलेल्या त्रिकोणी भिंती. बाहेरून पाहणाऱ्याला या दुरुस्तीचा मागमूसही लागत नाही. घराचा चेहरा जसा होता तसाच आहे. जे काही घडलं आहे ते कौलं आणि तक्तपोशी यांच्या मधल्या पोकळीत.

ही पोकळी वाचायची तर आधी मूळ रचना समजून घ्यायला हवी, आणि तिची सुरुवात कौलापासून होते. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलांची युक्ती मुळात युरोपातली. आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी ती १८४१ मध्ये पुढे आणली. मंगळूरला जेप्पू इथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट यांच्या पुढाकारानं सुरू झाला आणि नेत्रावतीकाठच्या चिकणमातीला नवा आकार मिळाला. किनाऱ्याकिनाऱ्यानं ही कौलं गोवा, कोकण, मुंबईपर्यंत पोचली. त्याआधी इथे कुंभाराच्या चाकावर घडलेली नळीची कौलं होती. ती दरवर्षी पावसाआधी उतरवून, चाळून, फुटकी बदलून पुन्हा लावावी लागत. मंगलोरी कौलानं ही वार्षिक शाकारणी बरीच हलकी केली, आणि तरीही जुन्या कौलाचा एक मोठा गुण सोडला नाही.

तो गुण कळायला एक कौल हातात घेऊन उलटं करून पाहावं. लांबी हातभराहून थोडी कमी, रुंदी वीतभर. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं. वरच्या कडेला रिपेवर अडकायला दोन बोंडं. एका बाजूला खोल पन्हळी, दुसऱ्या बाजूला तिच्यावर बसणारी उंच कड. शेजारचं कौल या पन्हळीत बसतं तेव्हा पाणी आत येऊ शकत नाही, कारण पाण्याला उतारावरून खालीच जायचं असतं. हवेला तसं बंधन नाही. ती त्या वाकड्यातिकड्या फटीतून सहज आतबाहेर करते. एका चौरस मीटरला अशी पंधरा-सोळा कौलं लागतात. म्हणजे साध्या घराच्या छपरावरही हजार-दीड हजार कौलं आणि प्रत्येकाच्या चारही कडांना बारीक फट. पाण्याला मज्जाव आणि वाऱ्याला मोकळीक ही किमया एवढ्याशा भाजलेल्या मातीत साधली आहे. शिवाय ती माती थोडं पाणी पितेही. पावसाची सर येऊन गेल्यावर ऊन पडलं की ते पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना कौलाची उष्णता घेऊन जातं.

कौलाच्या खाली आहे उंची. कोकणातला पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरातला, म्हणून छपराला उभा उतार द्यावाच लागतो. उतार उभा म्हणून आढं उंच, आणि आढं उंच म्हणून माळ्याला पोट. पावसासाठी घेतलेला निर्णय उन्हाळ्यातही कामी येतो. माळ्यावरची हवा बाहेरच्यापेक्षा सात अंशांनी तापली, की ती साधारण दोन टक्क्यांनी हलकी होते. दोन टक्के म्हणजे फार नव्हे. तिला वर ढकलणारं बळ अगदी नाजूक असतं. पण आढ्यापाशी तिला बाहेर पडायला जागा असली आणि वळचणीला ताजी हवा आत यायला जागा असली, तर तेवढ्या नाजूक बळावरही दिवसभर एक संथ उपसा चालू राहतो. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटले की त्याला जोर चढतो. वाऱ्याच्या बाजूची वळचण हवा आत घेते, पलीकडची त्रिकोणी भिंत ती बाहेर खेचते.

देशावर माळवदाच्या घरांनी याच उन्हाला दिलेलं उत्तर वेगळं आहे. सोलापूर-मराठवाड्याकडे छपरावर हातभर मातीचा थर असतो. तो दिवसभराची उष्णता पोटात ठेवतो आणि रात्री कोरड्या आकाशाखाली सोडून देतो. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो म्हणून हे जमतं. कोकणात मे महिन्याची रात्रही दमट आणि उबदार. इथे जड छप्पर घातलं तर ते रात्रभर डोक्यावर उष्णता ओतत राहील. म्हणून इथलं छप्पर हलकं, फटींचं, सूर्य मावळताच निवणारं. दोन्ही रचना आपापल्या हवेला इतक्या चपखल आहेत की एकीचा नियम दुसरीला लावण्यात अर्थ नाही.

या मूळ रचनेत आणखी एक पात्र होतं, ते म्हणजे चूल. स्वयंपाकघरातला धूर तक्तपोशी नसलेल्या भागातून वर जायचा, वाशांना लपेटत आढ्याकडे सरकायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वासे काळे पडायचे, पण त्या काजळीमुळे वाळवी आणि भुंगे लाकडापासून लांब राहायचे. पावसाळ्यात माळ्यावरचा ओलावा चुलीच्या उबेनं रोज थोडा थोडा हटायचा. घरात गॅस आला तेव्हा बायकांचे डोळे आणि छाती वाचली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण माळ्याचा रोजचा उपसाही त्या दिवशी थांबला, आणि त्याची भरपाई करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढची पडझड प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं सारखीच. वानरं कौलांवर उड्या मारतात, कौलं फुटतात, गळती लागते. गळतीवर उपाय म्हणून कौलांखाली प्लास्टिकचा कागद ओढला जातो. वळचणीच्या फटींतून उंदीर येतात म्हणून तिथे पोती कोंबली जातात. त्रिकोणी भिंतीतल्या झरोक्यातून वटवाघळं येतात म्हणून तो विटांनी बुजवला जातो. एकेक कृती समजण्यासारखी आहे, आणि सगळ्यांची बेरीज मात्र घातक. राजापूरच्या त्या घरातही हेच झालं होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर हात उंच करून तक्तपोशीला लावला तर ती कोमट लागायची. पंखा तीच कोमट हवा खाली ढवळायचा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब धरायचे आणि वाशांवर पांढरी बुरशी यायची. घरच्यांनी कौलं उतरवून पत्रे घालायचं जवळजवळ ठरवलं होतं.

कौलं वाचली ती गावातल्या सुतारामुळे. तो वर चढला, विजेरी फिरवली आणि खाली डोकावून विचारलं, “काकी, हा झरोका कुणी बुजवला?”

“वटवाघळं यायची रे बाबा. सगळा माळा घाण करायची.”

“मग जाळी मारायची होती. विटा लावून तुम्ही माळ्याचं नाकच दाबलंत.”

या एका वाक्यात पुढच्या सगळ्या दुरुस्तीचं सूत्र आहे. छपराला दोन कामं असतात, ऊन अडवणं आणि हवा जाऊ देणं. ही कामं एकमेकांच्या आड येतात. ऊन अडवायला जो तो काहीतरी भरतो, कोंबतो, झाकतो, आणि त्या भरात हवेची वाट बंद होते. या दुरुस्तीचं सौंदर्य असं, की तिनं दोन्ही कामांना वेगवेगळे थर नेमून दिले आणि एकाला दुसऱ्याच्या हद्दीत शिरू दिलं नाही.

पहिला थर वाटेचा. प्लास्टिक काढलं, फुटकी कौलं बदलली, गळती बंद केली. मग वळचणीला, भिंतीच्या माथ्यावर वाशावाशांमधल्या ज्या फटी होत्या त्यांतली पोती उपसली आणि तिथे सहा मिलिमीटरच्या भोकांची जाळी ठोकली. जाळीच्या मापात विचार आहे. याहून मोठ्या भोकांतून पिल्लू उंदीर आणि वटवाघूळ शिरतं. याहून बारीक, मच्छरदाणीसारखी जाळी एकदोन वर्षांत धुळीनं बुजते आणि आपण पुन्हा पोती कोंबल्यासारखंच होतं. वर त्रिकोणी भिंतींतले झरोके उघडून त्यांना खाली झुकलेल्या लाकडी झडपा बसवल्या, म्हणजे तिरका पाऊस आत येणार नाही. आढ्यालगत दोन्ही पाख्यांवर काही हवेची कौलं घातली. पाठीवर छोटी छत्री असलेलं हे कौल मंगलोरी कारखाने पूर्वीपासून करत आले आहेत, आपणच ते मागवायचं विसरलो.

किती जागा सोडायची यालाही हिशेब आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून घरबांधणीच्या नियमांत एक प्रमाण चालत आलं आहे: माळ्याच्या तळाचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या तीनशेव्या भागाएवढी मोकळी तोंडं, आणि खात्रीची व्यवस्था हवी तर दीडशेव्या भागाएवढी. माळा ९० चौरस मीटरचा असेल तर दीडशेवा भाग म्हणजे ०.६ चौरस मीटर. त्यातला निम्मा खाली वळचणीला, निम्मा वर आढ्याकडे. खालची जागा वरच्यापेक्षा कमी पडता कामा नये. ती कमी पडली तर वरची तोंडं आपली तहान तक्तपोशीच्या फटींतून, म्हणजे खोल्यांतल्या हवेवर भागवतात. जाळीची तारही काही जागा खाते, म्हणून मोजमाप थोडं सढळ ठेवावं. या घरात ते तसं ठेवलं आहे.

दुसरा थर सगळ्यांत पातळ आणि मला सगळ्यांत देखणा वाटतो. वाशांच्या खालच्या अंगाला ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रक-कागद ताणून लावला आहे. कौल आणि कागद यांच्यामध्ये वाशाच्या जाडीएवढी पोकळी राहिली, आणि ती वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग आहे. वळचणीतून शिरलेली हवा या पोकळीतून कौलांच्या पोटाला लागून वर चढते आणि आढ्यापाशी बाहेर पडते. कौलांची बरीचशी उष्णता माळ्यात उतरण्याआधीच उचलली जाते.

कागदाचा चकचकीत भाग खाली, माळ्याकडे आहे. पाहणारा थबकतो, कारण चकाकी उन्हाच्या दिशेला असावी असं वाटतं. पण इथे फार बारीक शहाणपण आहे. मे महिन्यात कौल पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतं. माळ्यावरची गरम हवा वरच तरंगते, ती खाली येत नाही. तक्तपोशी तापते ती मुख्यतः कौलांच्या पोटातून होणाऱ्या उत्सर्जनानं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांनी. नुसता वारा खेळवून हे किरण थांबत नाहीत. भाजलेली माती अशी उष्णता नव्वद टक्क्यांच्या क्षमतेनं बाहेर टाकते, चकचकीत ॲल्युमिनियम जेमतेम पाच टक्क्यांच्या. म्हणून कागद स्वतः तापला तरी त्याचं खालचं अंग ती उष्णता तक्तपोशीकडे सोडतच नाही. वरच्या अंगावर धूळ बसते आणि धूळ बसली की चकाकीचा गुण संपतो. खालच्या अंगावर धूळ बसत नाही. चकाकी खाली ठेवल्यानं ती वर्षानुवर्षं टिकते. मात्र तिच्यासमोर मोकळी हवा हवी. हेच चकचकीत अंग फळीला चिकटवून लावलं असतं तर त्याचा काही उपयोग झाला नसता, कारण ॲल्युमिनियम स्पर्शानं उष्णता धाडण्यात फार तत्पर.

कागद लावताना एका खणात काचेच्या दोन कौलांखालचा चौकोन मोकळा सोडला आहे. दुपारी तिथून उन्हाचा तिरका खांब माळ्यात उतरतो. जरा स्थिर उभं राहून त्यात तरंगणारे धूळकण पाहावे. सुतार सांगतो, विटा होत्या तेव्हा ते जागच्या जागी गरगरत असत. आता ते एका दिशेनं, हळू, न थांबता आढ्याकडे सरकतात. वळचणीच्या जाळीशी उदबत्ती धरली तर तिचा धूर आत वळतो, वरच्या झडपेशी धरली तर बाहेर. एरवी न दिसणाऱ्या रचनेचा सगळा अन्वय या दोन जागी डोळ्यांना दिसतो.

तिसरा थर गादीचा. तक्तपोशीवर पाच सेंटीमीटर जाडीच्या रॉकवूलच्या पट्ट्या अंथरल्या आहेत. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची ही लोकर. तिला वाळवी खात नाही, ती पेटत नाही, आणि तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून स्थिर राहते. उष्णता अडवण्याचं खरं काम ही स्थिर हवाच करते. दोन सेंटीमीटरच्या सागवानी फळीपेक्षा असा थर उष्णतेला नऊ-दहा पट जास्त रोखतो. इथेही संयम दिसतो. गादी वळचणीच्या हातभर अलीकडे थांबवली आहे आणि तिथे आडवी फळी लावली आहे, म्हणजे ती सरकून हवेची वाट अडवणार नाही. चालायला मधोमध फळ्यांची पायवाट आहे, कारण तुडवली गेलेली गादी आपली हवा गमावते. आणि गादी घालण्यापूर्वी विजेच्या जुन्या तारा बदलून नळीतून नेल्या आहेत. झिजलेली तार गादीखाली गाडली की तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि आगीला निमंत्रण मिळतं.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या जुन्या घरात उलटा उभा राहतो, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो परिचयाचा आहे. तिथे हिवाळ्यात घर आतून उबदार असतं. त्या उबेबरोबर स्वयंपाकाची, न्हाणीची वाफ माळ्यावर जाते आणि गार लाकडावर तिचं पाणी होतं. छपरावरचं बर्फ खालच्या उष्णतेनं वितळतं, वळचणीशी पुन्हा गोठतं आणि त्याच्यामागे पाणी तुंबून आत झिरपतं. म्हणून तिथे खोलीच्या छतातल्या फटी आधी बंद करतात, वाफ अडवणारा पडदा गादीच्या खाली, खोलीच्या बाजूला घालतात आणि गादी पाचाऐवजी तीस-चाळीस सेंटीमीटरची घालतात. कोकणात तो पडदा तसाच उचलून आणला तर नुकसान होईल. इथे ओलावा बाहेरून येतो. एखाद्या खोलीत वातानुकूलन यंत्र लावलं तर माळ्यावरची दमट हवा तक्तपोशीच्या गार फळ्यांपर्यंत पोचते आणि तिथे पाणी धरते. या घरानं वातानुकूलन घेतलं नाही, त्यामुळे तो पेच आला नाही. घेतलं असतं तर त्या खोलीचं छत वेगळ्या विचारानं बांधावं लागलं असतं.

रसग्रहणात उणिवाही सांगायला हव्यात. आढ्याची कौलं पूर्वीच सिमेंटनं पक्की केलेली होती, ती तशीच ठेवली. चुन्याच्या हलक्या बंदावर ती बसवली असती तर फुटलेलं कौल बदलताना शेजारची चार फुटली नसती. मागच्या पडवीवरचा पत्रा तसाच आहे. पत्रा झटकन तापतो, आणि पडवीची गरम हवा संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरते. तिथेही तोच कागद, तीच पोकळी करता आली असती. वानरांचा प्रश्न तर कोणतीच दुरुस्ती सोडवत नाही. फुटलेलं कौल त्याच दिवशी बदलणं आणि त्यासाठी कौलांची एक चळत परसात ठेवणं, हा साधा शिरस्ता मात्र या घरानं पुन्हा सुरू केला आहे.

या उणिवा मान्य करूनही मी या माळ्याला फार वरचं स्थान देतो. जुनी रचना काय सांगत होती ते ऐकून मगच इथे नवी वस्तू आणली गेली. ॲल्युमिनियम आणि रॉकवूल या वस्तू मूळ घर बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हत्या. पण त्या जिथे, जशा बसल्या आहेत ते पाहिलं असतं तर त्या बांधणाऱ्यांनी मान डोलावली असती. चुलीच्या धुराचं काम आता मोकळी वळचण करते, आणि जे उत्सर्जन अडवायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं ते काम एक पातळ कागद करतो. परंपरा पुढे नेणं म्हणतात ते याला.

कोकणात आज घराघरांत कौलं उतरवून पत्रे चढवण्याची घाई आहे. त्या प्रत्येक घरमालकाला माझी कळकळीची विनंती आहे: ठरवण्यापूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी माळ्यावर चढा. हवा कुठून येते, कुठे अडते, कुठून जाऊ पाहते ते हाताला लागेपर्यंत थांबा. मग क्रम पाळा. आधी गळती, मग हवेची वाट, मग चकचकीत कागद आणि सगळ्यांत शेवटी गादी. गादीपासून सुरुवात केली तर आजची झळ थोडी कमी होईल, पण आतला ओलावा वासे कुजवील आणि काही वर्षांनी पुन्हा तीच पत्र्याची चर्चा सुरू होईल. वाटेपासून सुरुवात केली तर निम्मा त्रास जाळी ठोकतानाच हटेल, आणि पुढचा खर्च किती करायचा हे माळाच तुम्हाला सांगेल.